राण्यांच्या कपाटातल्या चिठ्ठ्या

वाचनालयाच्या अध्यक्षबाईंनी राण्यांच्या चरित्रांसाठी एक वेगळे काचेचे कपाट करायचे ठरवले, तेव्हा ग्रंथपालबाईंना त्यांनी एकच अट घातली. पुस्तके अशी हवीत, की वाचताना झोप येऊ नये आणि वाचल्यावर चारचौघांत फजिती होऊ नये.

अटीच्या दोन्ही टोकांमागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. मागल्या वर्षी एका समारंभात त्यांनी कुठल्याशा राणीची गोष्ट सांगितली होती. शत्रू पाठीशी, समोर समुद्र, आणि राणीने घोडा थेट लाटांत घातला. सभा भारावून गेली होती, काहींनी डोळेही पुसले होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतले सनावळी सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "त्या राज्याला समुद्र नव्हता." एवढे सांगून ते खाली बसले. उरलेले भाषण अध्यक्षबाईंनी कसे रेटले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी खात्रीचे म्हणून एक जाडजूड चरित्र आणवले. ते सहा महिने त्यांच्या उशाशी होते आणि त्या अजून प्रस्तावनेतच होत्या.

"मला दोन्ही पाहिजे, बाई," त्या म्हणाल्या. "खरंही पाहिजे आणि गोडही. दोन महिने आहेत. निवडा तुम्ही."

ग्रंथपालबाईंना पुस्तके लावता येत, शोधता येत, फाटली तर चिकटवता येत. वाचायला मात्र तेवीस वर्षांत सवड झाली नव्हती. दिवसभर पुस्तकांत उभे राहिल्यावर घरी जाऊन पुन्हा पुस्तकच हातात घ्यायचे त्यांच्या जिवावर येई. त्यांनी इकडून तिकडून अकरा चरित्रे जमवली आणि मनाशी हिशेब केला, की आपण निवडण्यापेक्षा दोन परीक्षक नेमावेत. एक खरेपणाचा, एक गोडीचा. दोघेही ज्याला बरे म्हणतील ते पुस्तक कपाटात.

खरेपणाचे परीक्षक शोधावे लागले नाहीत. सनावळी सर दोन गल्ल्या सोडून राहत. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता, आणि त्यांना सहज जरी विचारले, की सर, कधी आलात, तरी ते सालासकट सांगत. ग्रंथपालबाईही त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पंचेचाळिशी ओलांडली तरी सरांपुढे उभे राहताना त्यांचे हात आपोआप पाठीमागे जात. सरांनी अकरा पुस्तकांची नावे ऐकली, दोन नावांना कपाळावर आठ्या घातल्या आणि काम पत्करले.

गोडीसाठी बाईंना घरातच परीक्षक सापडला. त्यांची आई.

वडील गेल्याला चार वर्षे झाली होती आणि तेव्हापासून आईचे झोपणे वाढत चालले होते. आधी दुपारचा तासभर, मग दोन, मग जेवण झाले की दिवेलागणीपर्यंत. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासले आणि झाले काहीच नाही असे सांगितले. जागे राहण्यासारखे काही उरले नाही की माणसे झोपतात, एवढेच ते म्हणाले. आई दुःखी होती असेही नाही. खिडकीचा पडदा जुना, विरलेला. त्यातून गाळून आलेले ऊन पलंगावर पडे, पंखा आपल्याच नादात फिरत राही, आणि त्या पिवळ्या उजेडात आई इतकी अलगद झोपेत उतरे की पाहणाऱ्याचेही डोळे जड व्हावेत. तिला स्वप्ने फार छान पडत. जागेपणीच्या जगाकडे ती थोडी पाहुण्यासारखी येई, चहा पिई, विचारपूस करी आणि परत जाई.

बाईंनी कसोटी साधी ठेवली. जेवण झाले की आईच्या हातात पुस्तक द्यायचे आणि साडेचारला चहासाठी घरी आले की बोट कुठल्या पानावर अडकले आहे ते पाहायचे. चौथ्या पानावर असेल तर पुस्तक जड. नव्वदाव्या पानावर असेल तर गोड. आईला यातले काही सांगायची गरज नव्हती. सरांचे नाव आईला आणि आईचे नाव सरांना कळता कामा नये, हेही त्यांनी ठरवले. परीक्षा म्हटली की गुप्तता आली.

पहिल्या फेरीचा निकाल तीन आठवड्यांत लागला. सरांनी अकरापैकी पाच पुस्तके विश्वसनीय ठरवली. आईने अकरापैकी सहा पुस्तकांत नव्वदावे पान ओलांडले. आणि सरांची पाच नि आईची सहा यांत एकही पुस्तक सारखे नव्हते. ज्यांत राणी पोपटाशी बोलत होती, प्रेमात पडत होती, तटावरून उडी घेत होती, ती सगळी सरांनी बाद केली होती. ज्यांत तळटिपा होत्या, त्यांत आई चौथ्या पानाच्या पुढे गेली नव्हती. कपाट काचेचे होते, त्यामुळे ते रिकामे असल्याचे लांबूनही दिसे.

बाईंनी दोघांचीही मनधरणी केली. सरांना म्हणाल्या, जरा मोठ्या मनाने पुन्हा वाचा. आईला म्हणाल्या, अगं, उशीला टेकून न वाचता जरा बसून वाच. आणि जी पुस्तके सरांकडून आली होती ती आईला दिली, आईची सरांना. चूक झाली ती इथे.

सरांची एक रीत होती. पुस्तकात ते कधी लिहीत नसत. ते त्यांना हात उगारण्यासारखे वाटे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या भागाच्या, फुटपट्टी लावून फाडलेल्या चिठ्ठ्या ते आक्षेपाच्या पानात घालून ठेवत. बाईंनी त्या पाहिल्या होत्या. पण सरांच्या चिठ्ठ्या काढून टाकायचा धीर त्यांना झाला नाही.

पहिली चिठ्ठी सात बुरुजांच्या राणीच्या चरित्रात, एकसष्टाव्या पानावर होती. 'त्या सकाळी राणीसाहेब उदास होत्या' असे लेखकाने लिहिले होते. चिठ्ठीवर सरांचे वळणदार अक्षर होते: 'कशावरून? आधार दिलेला नाही.'

आईला वाटले, प्रश्न आपल्याला आहे. आणि कुणी काही विचारले तर उत्तर न देता राहणे तिच्या स्वभावात नव्हते. सामानाची यादी करायची पेन्सिल उशाशीच होती. तिने खाली लिहिले: 'लेक लग्न होऊन परमुलखात गेली त्याला तिसरा दिवस. आधार कशाला हवा?'

पुस्तक सरांकडे परत गेले. सरांनी ते वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर त्यांनी शून्य दिले असते. पण विद्यार्थी शोधून सापडणार नव्हता. त्यांनी नवी चिठ्ठी जोडली: 'भावना हा पुरावा नव्हे. आपण कोण?'

आईचे उत्तर आले, 'वाचक. तुम्ही?'

सरांनी खाली फक्त 'इतिहास' असे लिहिले. तो विषय होता की नाव, ते आईला कळले नाही, पण उद्धटपणा बरोबर कळला. त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत जागी राहिली.

बाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून त्या दुपारच्या सुस्त रस्त्याने इकडून तिकडे जात. दुकानांची दारे अर्धी लोटलेली असत, सावल्या भिंतींना चिकटून बसलेल्या असत, आणि आपल्या खांद्यावर नक्की काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नसे. त्यांना दिसत होते ते एवढेच, की गाडी रुळावर येत आहे. प्रत्येक पुस्तकाबरोबर सर वेगळ्या कागदावर निकाल लिहून देत, त्या शेऱ्यांची भाषा बदलत होती. आधी जिथे 'अविश्वसनीय' होते तिथे 'अंशतः विश्वसनीय' आले. मग 'विश्वसनीय मानण्यास हरकत नाही' आले. पोपटाशी बोलणाऱ्या राणीपुढे त्यांनी एक दिवस 'शक्य आहे' असे लिहिले, तेव्हा बाईंना वाटले, वय झाले सरांचे.

आईचे बोट तर आता शेवटच्या पानाच्या अलीकडे थांबतच नव्हते. साडेचारला बाई घरी येत तेव्हा ती पलंगावर बसलेली असे, पडदा बाजूला सारलेला असे आणि चहाही झालेला असे. त्या दारातून आत येण्याआधी आतून विचारणा होई, "आज कुठलं आलंय?"

झोपणे तिने अगदी सोडले नव्हते. जड पुस्तक असले की चौथ्या पानावर डोळे मिटतच. पण आता ती झोपेतूनही काहीतरी घेऊन येई आणि डोळे पुरते उघडायच्या आत पेन्सिल शोधी. दोनदा विधवा झालेल्या एका महाराणीच्या चरित्रात तिने लिहिले: 'दुपारी दिसली. अंगणात उभी होती. पायांत काही नव्हते.'

सरांनी विचारले: 'कुठे दिसली?'

'झोपेत.'

यावर पुस्तक सरांकडे सहा दिवस राहिले. बाई दोनदा आणायला गेल्या, दोनदा त्यांनी उद्या या म्हणून परत पाठवले. शेवटी चिठ्ठी आली ती दोन्ही बाजूंनी भरलेली: 'उपलब्ध साधने पाहिली. त्या दिवशी महाराणींच्या पायांत पादत्राणे होती असे कुणीही म्हणत नाही. नव्हती असेही कुणी म्हणत नाही. आपले विधान तूर्त उभे राहते.'

आईने ते वाचले आणि कितीतरी वेळ पडद्यातून येणाऱ्या उजेडाकडे पाहत राहिली. तिचे एखादे विधान उभे राहिल्याला बरीच वर्षे झाली होती.

दोन महिने संपत आले तेव्हा अकराच्या अकरा पुस्तके विश्वसनीय ठरली होती आणि अकराच्या अकरा वाचनीय. अध्यक्षबाई खूश झाल्या. निमंत्रणपत्रिका छापून आल्या, त्यांवर ठळक अक्षरांत होते: 'तज्ज्ञ परीक्षकांनी पारखलेली.' उद्घाटनाला दोन दिवस असताना अध्यक्षबाई वाचनालयात आल्या, अकरांतले सगळ्यात जाड पुस्तक उचलले आणि भाषणाच्या तयारीसाठी म्हणून घरी घेऊन गेल्या. जाड पुस्तक हातात असले की वक्ता अभ्यासू वाटतो, असा त्यांचा होरा होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाईंनी सहज आईला विचारले, की सगळ्यांत आवडले ते कुठले. आईने क्षणाचाही विचार न करता त्याच जाड पुस्तकाचे नाव घेतले.

बाईंचा कप हातातच राहिला. ते पुस्तक त्यांनी स्वतः कधी वाचले नव्हते, पण त्याची कीर्ती त्यांना ठाऊक होती. त्यात राणीच्या आधी तिच्या चौदा पिढ्या येत आणि राणीचा जन्म दोनशे चौदाव्या पानावर होई. वाचनालयात ते अठरा वर्षे होते आणि अठरा वर्षांत ते एकाच माणसाने नेले होते, तेही खिडकी वाऱ्याने आपटते म्हणून.

"ते आवडलं तुला?"

"फार गोड आहे," आई म्हणाली. "संपूच नये असं वाटलं."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्या तडक वाचनालयात परत गेल्या, काचेचे कपाट उघडले आणि हाताला लागले ते पुस्तक बाहेर काढले. पुस्तक जरा फुगलेले वाटले. उघडले तसा त्यातून चिठ्ठ्यांचा पाऊसच पडला, वळणदार शाईच्या अक्षराखाली गिचमिड पेन्सिलीचे अक्षर. पेन्सिलीचे अक्षर त्यांनी जन्मभर सामानाच्या यादीत पाहिले होते.

त्या उभ्यानेच वाचू लागल्या, मग स्टुलावर बसल्या. संध्याकाळचे ऊन टेबलावरून सरकत कपाटापर्यंत गेले तरी त्या वाचत होत्या. कुठे भांडण होते, कुठे समजूत होती. एके ठिकाणी सरांनी एका राणीच्या शेवटच्या आजाराची तारीख दुरुस्त केली होती आणि आईने खाली लिहिले होते, की तारीख राहू दे, उशाशी कोण होते ते सांगा. सरांनी त्यावर उत्तर दिले होते, की नोंद नाही, पण कुणीतरी असावे असे मलाही वाटते.

वाचताना बाईंना हसू येत होते, आणि हसता हसता सगळा प्रकार ध्यानात येत होता. म्हणजे परीक्षा सगळी फुकट. आईने पुस्तके वाचलीच नव्हती, चिठ्ठ्या वाचल्या होत्या. सरांनी पुस्तके पारखलीच नव्हती, आईचे मन राखले होते. आणि पत्रिकेवर छापले होते 'तज्ज्ञ'. एक तज्ज्ञ आपली आई, तिची पात्रता म्हणजे दुपारची झोप, हे बाहेर फुटले तर तेवीस वर्षांच्या नोकरीची शोभा होणार होती. त्यांनी दहाही पुस्तके झटकली. एकशे सदतीस चिठ्ठ्या निघाल्या. त्या एका मोठ्या लिफाफ्यात कोंबून त्यांनी खणात ठेवल्या आणि खणाला कुलूप घातले.

मग त्यांना अकरावे पुस्तक आठवले.

अध्यक्षबाईंच्या घरी त्या जवळजवळ धावतच गेल्या. पुस्तकावर नोंदणीक्रमांक घालायचा राहिला आहे, असे कारण वाटेत जुळवून ठेवले होते. पण अध्यक्षबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर होते आणि त्या मान वर करायला तयार नव्हत्या. क्रमांक परवा घाला म्हणाल्या. कालपासून त्या हेच वाचत होत्या, भाषणही आता यातूनच करणार होत्या.

"बाई, या टिपा कुणी लिहिल्यात?" त्यांनी मध्येच विचारले.

ग्रंथपालबाईंच्या तोंडून खरे तेच निघाले. "परीक्षकांनी."

"वाटलंच मला," असे म्हणून अध्यक्षबाईंनी पान उलटले.

समारंभाला सभागृह भरले होते. सर पहिल्या रांगेत होते, दाढी घोटून आणि इस्त्रीचा सदरा घालून. आईनेही येते म्हणून हट्ट धरला होता. चार वर्षांत ती डॉक्टरांकडे सोडून कुठे गेली नव्हती, त्यामुळे नाही कसे म्हणायचे? बाईंनी तिला मुद्दाम शेवटच्या रांगेत, दारापाशी बसवले आणि स्वतः खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

अध्यक्षबाईंनी पुस्तक उघडले. आधी त्यांनी राणीच्या नवव्या पिढीतल्या पूर्वजांची यादी वाचली. सभेतली हालचाल मंदावली, पंखे ऐकू येऊ लागले, दोन-चार माना पुढे झुकल्या. मग त्या त्याच सुरात, तितक्याच आदराने म्हणाल्या, "एवढे पूर्वज कशाला? मूल जन्माला यायला दोघे पुरतात." आणि पुढे, "तत्त्वतः मान्य."

झुकलेल्या माना वर आल्या. आधी मागून कुणीतरी खुदकले, मग सगळी सभा हसली. अध्यक्षबाईंना असा प्रतिसाद आयुष्यात मिळाला नव्हता. त्या फुलल्या. पान काढून त्या वाचत सुटल्या, एक शाईची ओळ, एक पेन्सिलीची. पेन्सिलीचे अक्षर मात्र त्यांना नीट लागत नव्हते, आणि चष्मा लावला की वय दिसते म्हणून तो त्यांनी पर्समध्येच ठेवला होता. पहिल्या रांगेत सरांचे कान हळूहळू लाल होत होते. ग्रंथपालबाईंनी डोळे मिटून घेतले.

"दुपारी राणी दिसली," अध्यक्षबाई वाचत होत्या. "पलंगाच्या कडेला बसली होती. म्हणाली, इथला उशीर फार कडक आहे."

सभा गप्प झाली. त्याचा अर्थ खोल असावा असे प्रत्येकाला वाटले.

"उशी," शेवटच्या रांगेतून आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण शांततेत सगळीकडे पोचला. "तिथे उशी आहे. उशीर नाही."

बाईंनी डोळे उघडले. सभागृहातली सगळी डोकी मागे वळली होती. त्यांत पहिले डोके सरांचे होते. महिनाभर ज्या अक्षराशी ते भांडत होते त्याचा आवाज त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकला. मग खुर्चीचे हात धरून ते सावकाश उभे राहिले. त्यांचे उभे राहणे सगळ्यांना माहीत होते. अध्यक्षबाईंनी पुस्तक मिटायला घेतले.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "उशीच."

आणि ते खाली बसले. टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळले नाही.

समारंभानंतर अध्यक्षबाई माणसांच्या गराड्यातून वाट काढत आईपाशी आल्या. दुसऱ्या तज्ज्ञ आपणच का, असे त्यांनी विचारले. या ग्रंथपालबाईंच्या आई, असे कळल्यावर त्यांनी आणखीच अदबीने विचारले, की आपला विषय कुठला.

"विषय कसला?" आई म्हणाली. "मी दुपारी झोपते."

मोठी माणसे अशीच बोलतात, हे अध्यक्षबाईंना माहीत होते. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिथल्या तिथे जाहीर केले, की कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात अशाच टिपा राहतील. त्यांच्याशिवाय एकही पुस्तक वाचकाच्या हाती द्यायचे नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खण उघडला आणि लिफाफा टेबलावर उपडा केला. एकशे सदतीस चिठ्ठ्या. सरांनी त्यांवर पानांचे आकडे घातले नव्हते, कारण चिठ्ठी पानातच राहणार होती. आईने काही घालायचा प्रश्नच नव्हता. कुठली चिठ्ठी कुठल्या राणीची हे आता जगात दोनच माणसे सांगू शकत होती, आणि त्या दोघांना एका टेबलाशी बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मग रोज दुपारी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलाच्या एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला आई बसू लागली. खिडकीबाहेरचे झाड काचेवर हलत राही आणि त्याची सावली चिठ्ठ्यांवरून फिरे. पहिल्या दिवशी दोघे फारच औपचारिक वागले. दुसऱ्या दिवशी एकाच चिठ्ठीवरून सव्वा तास वाद झाला. 'तिला कंटाळा आला असणार' ही ओळ आईच्या मते सात बुरुजांच्या राणीची होती, सरांच्या मते नवव्या वर्षी गादीवर बसलेल्या दुसऱ्या एका राणीची. शेवटी दोन्ही पुस्तके पहिल्यापासून वाचायचे ठरले. सर वाचून दाखवत, आई ऐके. कधीकधी ती ऐकता ऐकता बसल्या जागी पेंगे. मग सर आवाज न करता पानात बोट घालून थांबत आणि ती जागी झाली की काय दिसले ते विचारून घेत.

काम तीन-चार दिवसांचे होते. त्याला सात आठवडे लागले. बाहेर वाचकांची यादी वाढत होती आणि अध्यक्षबाई रोज निरोप पाठवत होत्या, पण बाईंना कुणालाच घाई करवत नव्हती. घरी जाताना आई आता रस्त्याच्या मधोमध चाले आणि दुकानांत काय काय नवे लागले आहे ते त्यांना सांगे.

शेवटच्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या आपापल्या घरी गेल्या. बाईंनी लिफाफा फेकण्यापूर्वी एकदा झटकला, तर तळाला चिकटलेली एक चिठ्ठी बाहेर पडली. सरांच्या अक्षरात होते: 'आज काही दिसले का?' खाली आईचे: 'दिसले. पण आज त्यात राणी नव्हती.'

"ही कुठल्या पुस्तकातली?" बाईंनी विचारले.

सरांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. ज्या माणसाने आयुष्यात कुठलाही प्रश्न निरुत्तर सोडला नव्हता तो खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहू लागला. आईने हात पुढे करून चिठ्ठी घेतली, मधोमध घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

"ती राहू दे," ती म्हणाली.

बाहेर ऊन उतरले होते. सर उठले, त्यांनी आईची खुर्ची जरा मागे ओढून धरली. आईने केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि बाईंकडे वळून म्हणाली, "आम्ही जरा चालून येतो."

बाईंनी लगबगीने खण बंद केले, पर्स खांद्याला लावली, खिडकीची कडी घातली. किल्ल्या घेऊन त्या दारापर्यंत आल्या तेव्हा दोघे रस्त्याच्या वळणाशी पोचले होते. सर हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि आई मान हलवून त्यांना नाही म्हणत होती. आई 'आपण' म्हणाली नव्हती, 'आम्ही' म्हणाली होती, हे बाईंच्या तेव्हा कुठे ध्यानात आले.

त्या परत आत गेल्या. पर्स टेबलावर ठेवली, खिडकी उघडली आणि घरी जायची घाई नाही हे दोन-तीनदा स्वतःला सांगून पाहिले. मग काचेच्या कपाटातले सगळ्यात जाड पुस्तक काढून, राणीच्या जन्माला अजून दोनशे चौदा पाने आहेत हे ठाऊक असूनही, त्या पहिल्या पानापासून वाचायला बसल्या.